पाच टनांचं गणित: बार्शी लाइट रेल्वे १:८७ मध्ये – प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं छोटं चालतं मॉडेल करायचं आहे. स्केल पक्कं: १:८७, रूळ ९ मिमीचा.

बार्शी लाइटचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. त्याला ८७ नं भागलं की ८.७६ येतं. एन स्केलचा (१:८७ हून लहान मॉडेलांचा) तयार रूळ ९ मिमीचा असतो. फरक पाव मिलिमीटरचा, तो कुणाच्या डोळ्याला कळणार नाही. आपल्याकडचे इतर गेज इतके सरळ बसत नाहीत. मीटरगेज १:८७ मध्ये ११.५ मिमी येतो आणि १२ मिमीच्या रुळावर निभावतो. ब्रॉडगेज १९.३ मिमी हवा, पण सगळे तो १६.५ मिमीवर चालवतात, म्हणून आपली गाडी युरोपातल्या रुळावर उभी केल्यासारखी दिसते. माथेरानचा गेज ६१० मिमी. तो ९ मिमीवर बरोबर आणायचा तर स्केल १:६८ घ्यावं लागतं, आणि त्या स्केलमध्ये माणसांपासून दारापर्यंत काहीच तयार मिळत नाही. अडीच फुटी गाड्या करणाऱ्याला हे आयतं मिळालेलं आहे.

आवाका छोटाच ठेवला आहे. १२०० × ३०० मिमीची फळी, त्यावर एकेरी लाइन, एका टोकाला कुर्डुवाडीसारखा माल बदलायचा फलाट आणि तीन वॅगन. इंजिन त्यानंतर.

११ जानेवारी

वॅगनची चौकट कागदावर उतरवली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आला होता. बार्शी लाइट आखताना त्यानं एक गोष्ट धरून ठेवली: कोणत्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग ते इंजिन असो की धान्यानं भरलेली वॅगन. एवढं पाळलं की दर यार्ड लांबीला फक्त ३० पौंड वजनाचा रूळ पुरतो. बारीक रूळ, हलके पूल, कमी खर्च. १८९७ साली बार्शी रोड (म्हणजे कुर्डुवाडी) ते बार्शी ही लाइन सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडलं गेलं. सगळी मिळून सुमारे ३२५ किमी.

मॉडेल करणाऱ्याला त्याचा दुसरा निर्णय जास्त उपयोगी. मालाच्या सगळ्या वॅगनना एकच चौकट: २५ फूट लांब, ७ फूट रुंद, खाली दोन बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चार चाकांचा फिरता गाडा). १:८७ मध्ये एक फूट म्हणजे ३.५ मिमी, तेव्हा चौकट ८७.६ × २४.५ मिमी. चौकटीचा एक मास्टर (मूळ नमुना) नीट झाला की बंद डबा, उंच कठड्याची आणि आखूड कठड्याची वॅगन त्याच्यावरच उभी राहते.

वरच्या भागाची मापं छायाचित्रातून काढायची. फोटो शक्य तितका समोरून, बाजूचा हवा. चौकटीची लांबी माहीत आहे, तीच फूटपट्टी समजायची. उदाहरणार्थ, छापील फोटोत चौकट १४६ मिमी भरली तर एक फूट म्हणजे ५.८४ मिमी. आपल्याला तो ३.५ मिमी हवा, म्हणून फोटोवरच्या प्रत्येक मापाला ०.६ नं गुणायचं. फोटो तिरका असेल तर लांबीची मापं सोडून द्यायची. उंची तेवढी घ्यायची, तीही कॅमेऱ्याजवळच्या कोपऱ्यावरची, आणि तिथे पट्टी म्हणून चाकाचा व्यास वापरायचा. लांबचा कोपरा कायम ठेंगणा भरतो. दोन्ही कोपऱ्यांची सरासरी काढणारे बरेच असतात. ते उत्तर दोन्हीकडून चुकीचं असतं.

१९ जानेवारी

चौकटीच्या लांब पोलादी पट्ट्या. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही.

त्या काळच्या बहुतेक वॅगनच्या चौकटी अँगल आणि चॅनल रिव्हेटनं जोडून केलेल्या असत. बार्शीच्या चौकटी लीड्स फोर्ज कंपनीच्या, जाड पत्रा तापवून साच्यात दाबलेल्या. सॅमसन फॉक्सचं हे तंत्र. वजन कमी आणि ताकद तीच, म्हणून कॅलथ्रॉपला ते सोयीचं पडलं. मॉडेलमध्ये याचा अर्थ असा, की रिव्हेटच्या रांगा कमी आणि कडा गोल. सरळ कापलेली पट्टी लावली तर मापं बरोबर असूनही वॅगन दुसऱ्याच कुठल्या रेल्वेची दिसते.

करायची रीत: ०.५ मिमी स्टायरीन प्लास्टिकच्या दोन पट्ट्या विलायकानं (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवानं) एकमेकींवर चिकटवायच्या, वजनाखाली पूर्ण दिवस ठेवायच्या आणि मग बाहेरची कड ४०० नंबरच्या कागदानं गोल करायची. खरी गोलाई दीड इंच धरली तर इथे ती ०.४४ मिमी होते. कागद बोटावर न धरता लाकडी ठोकळ्याला चिकटवायचा. बोटानं घासलं की मधला भाग जास्त झिजतो आणि पट्टी मध्येच बारीक होते.

विलायक कमी लावायचा. थरांमध्ये अडकलेला विलायक आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो आणि आज सरळ असलेली पट्टी महिन्यानं केळ्यासारखी वाकते. उपाय असा: आतल्या थराला दर १० मिमीवर १ मिमीचं भोक आणि दोन्ही थर सारख्याच जाडीचे. ०.५ वर ०.२५ चिकटवलं की वाक येणारच, पातळ बाजू ओढली जाते.

२ फेब्रुवारी

बोगी आणि चाकं.

एन स्केलच्या तयार बोगी ९ मिमीवर चालतात खऱ्या, पण त्यांची चाकं ५.२ ते ५.७ मिमीची. १:८७ मध्ये ती दीड फुटाच्या आसपास येतात, म्हणजे खेळण्यातली. दोन फुटी चाकाला ७ मिमी हवेत. म्हणून बाजूच्या चौकटी स्वतः करायच्या आणि त्यांत ७ मिमीची टोकदार ॲक्सलची चाकं पितळी कपात बसवायची. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे ७.५ मिमी. ते प्रत्येक चाकाचं कॅलिपरनं तपासायचं. पाकिटातली चाकं सारखी असतील असं धरून चालणं महागात पडतं, कारण ०.२ मिमीनं जवळ आलेली जोडी सरळ रुळावर गुपचूप धावते आणि सांध्याच्या फ्रॉगवर (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकावर) चढते.

दाबलेल्या पोलादाच्या बोगीची बाजू म्हणजे एकसंध पत्रा, मध्ये खोल आणि कडेला दुमडलेला. एक मास्टर केला, सिलिकॉनचा साचा घेतला आणि रेझिन ओतलं. साच्यात कपाच्या भोकाची जागा अर्धी ठेवायची आणि उरलेलं भोक नंतर हातड्रिलनं पाडायचं. ओतताना धरलेलं भोक कधीच काटकोनात येत नाही.

बसवताना एक बोगी फक्त फिरेल एवढीच सैल. दुसरी फिरेल आणि डावी-उजवीकडे डोलेलही. दोन्ही घट्ट केल्या तर वाकड्या रुळावर आठांपैकी एक चाक हवेत राहतं. दोन्ही सैल केल्या तर डबा दारुड्यासारखा चालतो.

९ फेब्रुवारी

आज वजन. या प्रकल्पातली सगळ्यात मजेशीर गोष्ट इथे सापडली.

लांबी ८७ पट कमी झाली की वजन ८७ × ८७ × ८७ पट कमी होतं, म्हणजे ६,५८,५०३ पट. बार्शीच्या भरलेल्या वॅगनचा कमाल भार चार ॲक्सल गुणिले ५ टन, एकूण २० टन. इंग्रजी टन १०१६ किलोचा, म्हणजे २०,३२० किलो. भागाकार केला की ३०.९ ग्रॅम.

आता मॉडेलच्या बाजूनं बघू. अमेरिकेतल्या एनएमआरएची (मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची) एन स्केलसाठीची शिफारस आहे: अर्धा औंस, अधिक दर इंच लांबीला ०.१५ औंस. आपली वॅगन ३.४५ इंच. उत्तर १.०२ औंस, म्हणजे २९ ग्रॅम. एक आकडा १८९० च्या दशकात पूल स्वस्तात बांधायच्या हिशेबातून आलेला, दुसरा टेबलावर गाडी रुळावरून उतरू नये म्हणून ठरलेला, आणि दोघांत फरक दोन ग्रॅमचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कुठला नियम काढू नये. ब्रॉडगेजच्या वॅगनला असं काही जमत नाही.

लक्ष्य ३१ ग्रॅम ठरवलं. बंद डब्याचं कवच, चौकट, बोगी आणि चाकं मिळून काट्यावर १४ ग्रॅम भरले. उरले १७. शिसं दर घनसेंमीला ११.३ ग्रॅम, तेव्हा दीड घनसेंमी पुरतं: १ मिमी जाडीचा, २४ × ६२ मिमीचा पत्रा. तो डब्याच्या मधोमध न ठेवता दोन तुकडे करून दोन्ही बोगींच्या खिळीवर (बोगी जिच्याभोवती फिरते तिच्यावर) ठेवायचा. चारही ॲक्सलवर ७.७ ग्रॅम, हे कॅलथ्रॉपच्या पाच टनांचं बरोबर लघुरूप. तपासायला एक बोगी काट्यावर आणि दुसरी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर उभी करायची. काट्यावर १५ ते १६ ग्रॅम दिसले की झालं. एक बाजू १२ वर आली तर तीच बोगी वळणावर उतरेल.

शिसं पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदानं कधीही चिकटवू नये. त्या गोंदातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लानं शिशावर पांढरी पूड चढते, ती फुगते, आणि एक-दोन वर्षांत बंद डब्याच्या भिंती आतून फाटतात. शिशाच्या छऱ्यांत हे सगळ्यात लवकर होतं. इपॉक्सी वापरायचं. शिसं कापल्यावर हात साबणानं धुवायचे आणि भुगा झाडूनं उडवायचा नाही, ओल्या कागदानं टिपायचा.

उघड्या वॅगनमध्ये वजन लपवायला जागा नसते. तिथे पोत्यांची थप्पी करायची आणि थप्पीच्या पोटात शिसं. रिकामी उघडी वॅगन हवीच असेल तर तिचा तळ ०.८ मिमी पितळेचा करावा आणि ती गाडीच्या शेवटी जोडावी, मध्ये नको.

२३ फेब्रुवारी

रूळ. तयार एन रूळ बहुतेक कोड ८० किंवा ५५ चा येतो. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड ५५ म्हणजे उंची १.४ मिमी, ८७ नं गुणलं की १२२ मिमी. ६० पौंडी रूळ ११४ मिमीचा असतो, त्याहूनही हा उंच. ३० पौंडी रूळ सुमारे ३ इंचांचा. कोड ४० चा रूळ १.०२ मिमी, म्हणजे ८८ मिमी. अजूनही किंचित जाड आहे, पण याहून बारीक रुळावर चाकाची कड स्लीपरला लागायला लागते.

हाच मुद्दा आधी तपासायचा. नव्या एन चाकांची कड जास्तीत जास्त ०.५६ मिमी खोल असते. कोड ४० मध्ये खाली ०.४६ मिमी मोकळी राहते, म्हणजे आतल्या बाजूला डिंक, खिळ्याचं डोकं किंवा झाळ (सोल्डर) यापेक्षा उंच नको. जुन्या चाकांची कड १ मिमीच्या आसपास असते. ती या रुळावर खडखडत स्लीपर मोजत जातात. ती बदलायची, दुसरा इलाज नाही.

स्लीपर ५ फुटी धरले: १७.५ मिमी लांब, २ मिमी रुंद, एकमेकांपासून ८.८ मिमी. लाकडाच्या पट्ट्या पट्टीला लावून सरळ बसवू नयेत. टोकं अर्धा मिमी पुढेमागे, एखादा किंचित तिरका. हलक्या लाइनवर मेन लाइनसारखी शिस्त दिसली की सगळंच खोटं वाटतं.

८ मार्च

दर पाचवा स्लीपर पीसीबीचा (तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा), बाकीचे लाकडी. रूळ पीसीबीला झाळायचा, लाकडाला नुसता टेकवून इपॉक्सीचा थेंब.

पीसीबी ०.८ मिमी घेतली आणि लाकडाच्या उंचीला आणायला खाली कार्ड लावलं. दोन रुळांमध्ये तांब्याला करवतीनं काप द्यायचा, नाहीतर दोन्ही रूळ एकमेकांना जोडले जातील. प्रत्येक स्लीपर झाळला की लगेच मल्टिमीटरचा बीप घ्यायचा. पूर्ण लाइन झाल्यावर एक शॉर्ट शोधणं म्हणजे प्रत्येक स्लीपर परत सोडवणं.

सोल्डरिंग आयर्न ४० वॅटचं, टोक ३५० अंशांच्या आसपास. आधी तांब्याला आणि रुळाच्या तळाला वेगवेगळं कथील चढवायचं, मग फ्लक्स लावून रूळ ठेवायचा आणि बाहेरच्या बाजूनं टोक टेकवायचं. दोन सेकंद. जास्त वेळ धरलं की तांबं पीसीबीवरून सुटतं आणि रूळही लांबतो. लांबलेल्या अवस्थेत पुढचा स्लीपर झाळला तर थंड झाल्यावर सगळा ताण वळणात उतरतो. म्हणून एकाच बाजूनं ओळीत झाळत जायचं नाही. दोन टोकं, मग मध्य, मग उरलेले.

वळणावर तीन पायांचा गेज वापरायचा: दोन पाय बाहेरच्या रुळावर, एक आतल्या. वळण जितकं तंग तितकं तो गेज आपोआप थोडं रुंद ठेवतो. गोल रोलर गेज हे करत नाही. वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या किमान तिप्पट हवी. ८८ मिमीच्या वॅगनला २६४ चालते. पण बार्शीचे प्रवासी डबे ४० फुटी, म्हणजे १४० मिमी, आणि त्यांना ४२० लागते. पुढे कधी पंढरपूरची गाडी चालवायची असेल तर आत्ताच ४५० ठेवलेलं बरं. रूळ उखडण्यापेक्षा फळी वाढवणं सोपं.

झाळ झाल्यावर फ्लक्स धुवायचा, गरम पाणी आणि जुना दातांचा ब्रश. राहिलेला फ्लक्स खडीखाली हिरवा होतो.

१६ मार्च

खडी. या मुलखात दगड म्हणजे काळा बेसाल्ट, तेव्हा पाकिटातली पांढुरकी ग्रॅनाइट खडी इथे चालणार नाही. खऱ्या दगडाची भुकटी चाळून घेतली. खरी खडी ४० ते ५० मिमीची, म्हणजे मॉडेलमध्ये अर्धा मिमी. चहाच्या गाळणीतून जाणारं आणि तलम कापडावर अडणारं तेवढं ठेवायचं.

वापरण्याआधी एक गोष्ट. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती भुकटीवरून फिरवली की पिशवीला काळी दाढी येते. चुंबक बाहेर काढला की दाढी गळून पडते. पिशवीशिवाय फिरवला तर ती चुंबकावरून कधीच निघत नाही. काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहायचं. हे टाळलं तर तेच कण इंजिनाच्या मोटरचा चुंबक ओढून घेतो, आणि महिन्याभरात मोटर करकरायला लागते. दोष सगळे मोटरला देतात.

हलक्या लाइनवर खडी कमीच असते. स्लीपरच्या टोकांशी ती संपते आणि खाली मुरूम दिसतो. मुरमाला विटकरी भुकटीत थोडी राखाडी मिसळली. पसरताना मऊ ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा आणि त्यावर एकास तीन पाण्यात मिसळलेला गोंद ड्रॉपरनं. फवारा न देता गोंद टाकला की थेंब गोळा होऊन खडीचे लाडू होतात.

३० मार्च

माल बदलायचा फलाट. एका बाजूला नॅरोगेज, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेज, मध्ये पोती. तयार १६.५ मिमीचा रूळ टाकायचा मोह होतो, पण इथे दोन गेज शेजारीशेजारी आहेत आणि सगळं दृश्य त्यांच्या फरकावरच उभं आहे. खऱ्यात १६७६ भागिले ७६२, म्हणजे २.२ पट. १६.५ भागिले ९ म्हणजे १.८३. फरक लगेच कळतो. म्हणून ब्रॉडगेजचा ३०० मिमीचा तुकडा १९.३ मिमीनं हातानं टाकला, रूळ कोड ७०. त्यावर काही चालणार नाही, एक वॅगन फक्त उभी राहणार, त्यामुळे स्लीपर सगळे लाकडी आणि झाळकाम नाही.

पोती: इपॉक्सी पुट्टीच्या १० × ६ × ३ मिमीच्या गोळ्या, अर्धवट सुकल्यावर तलम कापडानं दाबायच्या. थप्पी पुट्टी पूर्ण सुकण्याआधीच रचायची, म्हणजे खालची पोती वरच्यांच्या भारानं बसतात. सुकलेली पोती रचली की विटांसारखी दिसतात.

१३ एप्रिल

इंजिनाचा हिशेब, बांधणीआधी.

बार्शीची पहिली इंजिनं किट्सन कंपनीची ०-८-४ टँक (पुढे एकही जास्तीचं चाक नाही, मध्ये आठ चालक चाकं, मागे चार). सहा ॲक्सल, प्रत्येकी ५ टन धरले तर कमाल ३० टन, त्यातले २० टन चालक चाकांवर. घर्षण एक-पंचमांश धरलं तर ओढ ४ टन. वीस टनांच्या वॅगनला सपाटीवर अर्धा टक्का विरोध, म्हणजे ०.१ टन. कागदावर चाळीसेक वॅगन.

तेच इंजिन १:८७ मध्ये ४६ ग्रॅम, चालक चाकांवर ३१. ओढ सुमारे ६ ग्रॅम. आता वॅगनचा विरोध मोजायचा. एक मीटरच्या फळीवर रूळ, वॅगन ठेवायची, हलकेच ढकलायची आणि फळीचं टोक उचलत जायचं. वॅगन थांबता थांबता चालत राहील ती उंची. ३० मिमी भरली तर विरोध ३ टक्के. खऱ्याच्या सहापट! ३१ ग्रॅमला ०.९३ ग्रॅम, म्हणजे सपाटीवर सहा वॅगन. पन्नासात एकच्या चढावर तीन.

वजन छोटं होतं, पण बेअरिंगचं घर्षण त्या प्रमाणात छोटं होत नाही. म्हणून वॅगनमध्ये कॅलथ्रॉपचं ऐकायचं आणि इंजिनात ऐकायचं नाही. इंजिन ८० ग्रॅमपर्यंत न्यायचं, बाजूच्या टाक्यांत टंगस्टन (शिशापेक्षा घनता १.७ पट), आणि तोलबिंदू चार चालक ॲक्सलच्या मध्यावर. मागच्या बोगीवर फक्त ती रुळावर राहील एवढाच भार, बारीक तारेच्या स्प्रिंगनं. तिच्यावर समान वाटा टाकला की तेवढी ओढ वाया.

वेग: ताशी ३० किमी म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला ९.६ सेंमी. एक मीटर साडेदहा सेकंदांत. चालक चाक ८.७ मिमीचं धरलं तर ते मिनिटाला सुमारे २१० फेरे घेईल. मोटर १२,००० फेऱ्यांची असेल तर गिअर ५७:१ हवा. ४०:१ चा गिअर तयार मिळतो. तो लावला तर कमाल वेग ४३ किमी, आणि नियंत्रक दोन-तृतीयांशवर ठेवून भागतं. ३०:१ नको. त्यानं सुटताना झटका बसतो आणि शेवटच्या वॅगनचा कपलर (डबे जोडणारा आकडा) उघडतो.

२० एप्रिल

रंग. वॅगनला रेड ऑक्साइड, त्यात दहावा भाग पांढरा, कारण एवढ्या लहान वस्तूवर शुद्ध रंग काळपट दिसतो. धूळ राखाडी-तपकिरी, खालून वर फिकट होत जाणारी, बोगीवर जास्त. रूळाच्या बाजूंना गंजाचा रंग ब्रशनं, माथा ओल्या कापडानं लगेच पुसून. सुकल्यावर खरवडला तर रंगाची कड उचकटते. चाकांच्या धावेवर रंग नको. तिथला पातळ थरही भुकटी होऊन रुळावर पसरतो आणि इंजिनाचा वीजपुरवठा तोडतो.

फळीच्या मागच्या कडेला ज्वारीचा पट्टा २३ मिमी उंच, कणसं भरलेली. दोन बाभळी पुरेत. कपलरची उंची तिन्ही वॅगनची एकाच ठोकळ्यावर जुळवली. मधली ०.३ मिमी खाली होती, तिच्या बोगीच्या खिळीवर ०.२५ चा वॉशर टाकला.